पहिल्या शंकूतली फांदी

टक्.

घर इतकं शांत होतं की तो एवढासा आवाज स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचला. रविवारची दुपार. सासूबाई तोंडावर पेपर घेऊन निजल्या होत्या, नवरा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ड्यूटीवर होता, आणि गोटी झोपली आहे अशी तिच्या आईची पक्की समजूत होती. त्या समजुतीच्या भरवशावरच तर तिनं टेबलावर आपला पसारा मांडला होता. एक पोतं, पोत्यातून निघालेले नारिंगी आणि पांढरे प्लास्टिकचे तुकडे, चिकटपट्टी, आणि मोडलेल्या कठड्याचा एक फोटो.

टक्. जरा वेळानं पुन्हा, टक्.

"झोपलेली मुलं टकटक करत नाहीत हं," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

बाहेरच्या खोलीतली टकटक थांबली, म्हणजे चोरी कबूल होती. एरवी ती उठून गेली असती, दटावलं असतं, पुन्हा थोपटायला बसली असती. पण आत्ताच दोन नारिंगी तुकडे एकमेकांत असे काही जुळले होते की तिचा हात हलेना. हा तुकडा, मग तो, मग इथे थोडी पट्टी. कुठल्या तरी गाडीचा वळायचा दिवा हळूहळू तिच्या हातात उभा राहत होता. एका कोपऱ्यात बोटाएवढी फट तेवढी राहिली होती.

आता हा उद्योग काय, ते सांगायला हवं. ती रस्ते विभागात नोकरीला होती आणि तिच्या टेबलावर पाटी होती, 'नुकसान वसुली'. कुणाची गाडी दिव्याच्या खांबावर चढते, कुणी दुभाजक उखडतो, कुणी गावाच्या नावाची पाटीच आडवी करून जातो. रस्ता सगळ्यांचा, त्यामुळे मोडलेलं सगळ्यांच्या पैशातून दुरुस्त होतं. मग ज्यानं मोडलं त्याला शोधायचं, आणि त्याच्याकडून, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या विमा कंपनीकडून, तो खर्च परत आणायचा. ऑफिसात तिच्या टेबलाला 'ठोकाठोकी खातं' म्हणत. सासूबाई मात्र शेजारणींना अभिमानानं सांगत, "आमची सून वसुलीला जाते." तेव्हापासून शेजारणी तिच्याशी फार अदबीनं बोलत, आणि एकीनं तर उसनी नेलेली शिडीही आपणहून आणून दिली होती.

पोतं ही तिची स्वतःची युक्ती. पूर्वी अपघात झाला की रस्त्यावरची माणसं येत, काचाबिचा झाडून कचऱ्यात टाकत आणि रस्ता मोकळा करत. चांगलंच काम ते. पण ठोकणारा पळून गेलेला असला तर त्याचा मागही त्याच कचऱ्यात जाई. तिनं आल्या आल्या मुकादमाला सांगितलं, "झाडा, पण टाकू नका. पोत्यात भरून मला आणून द्या." मुकादम तिच्याकडे बघतच राहिला होता. "कचरा कुणी मागून घेतं का ताई?" पण माणूस शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून प्रत्येक अपघाताचं पोतं तिच्या टेबलाखाली न चुकता येऊन पडत होतं.

हे पोतं आंधळ्या वळणाचं होतं.

आंधळं वळण म्हणजे शहराबाहेर टेकडीला वळसा घालणारा रस्ता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल उतार आणि तळाला ओढा. मध्ये काय तो लोखंडी कठडा. महिन्याच्या सुरुवातीला एका पहाटे कुणीतरी त्या कठड्यावर गाडी घातली, चांगलं बसभर रुंदीचं खिंडार पाडलं आणि निघून गेलं. आता तिथे पट्ट्यापट्ट्यांची प्लास्टिकची फीत वाऱ्यावर फडफडत होती. त्या फितीनं फार तर एखादं फुलपाखरू अडलं असतं. आणि त्या वळणावरून, धुक्यात, रोज सकाळी गोटीच्या शाळेची व्हॅन जायची.

साहेबांनी नियम सांगितला होता. "गाडी सापडली तर खर्च वसूल होतो, काम लगेच सुरू. नाही सापडली तर महिनाअखेरीला 'अज्ञात वाहन' लिहून फाईल बंद, आणि कठडा पुढच्या वर्षीच्या कामांत."

"पुढच्या वर्षी?" ती म्हणाली होती.

"अज्ञात वाहनांचे कठडे रांगेत असतात बाई. मी काय खिशातून बसवू?"

त्यानंतर तिच्या पायाला भिंगरी लागली. गॅरेजं पालथी घातली. रस्त्यानं जाताना तिला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसते गाड्यांचे पुढचे दिवे दिसायचे. एकदा एका बेकरीच्या व्हॅनचा नारिंगी दिवा फुटलेला दिसला, तर तिनं भाजी तशीच हँडलला लटकवून थेट बेकरीच्या मागच्या अंगणापर्यंत स्कूटर घातली होती. तिथला ड्रायव्हर पोट धरधरून हसला. "अहो, ती आमच्या मालकीणबाईंनी आमच्याच फाटकावर घातली. आता आलाच आहात तर आमच्या फाटकाची वसुली करा की त्यांच्याकडून. आमची कुणाची छाती होत नाही."

फोटो होता तो सकाळी फिरायला जाणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेनं काढलेला. कठडा मोडल्याची पहिली बातमी तिनंच फोनवर दिली होती. फोटो बघून बघून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. वाकलेला पत्रा कसा, खांब कुठे उपटलाय, रंगाचा ओरखडा किती उंचीवर, ते डोळे मिटूनही तिनं सांगितलं असतं. गोटीनंही तो फोटो शंभरदा पाहिला होता. "आई, एवढं लोखंड मोडलं कसं? वाईट होतं का ते?" तिनं विचारलं होतं, आणि आईनं मांडीवर घेऊन समजावलं होतं, "नाही गं, चांगलं होतं. म्हणून तर मोडलं. गाडी खाली जाऊ नये म्हणून कठडा स्वतः वाकतो, मोडतो. माणसाला लागू नये म्हणून स्वतः लागून घेतो. त्याचं कामच ते." हे सांगताना तिला स्वतःलाच छान वाटलं होतं.

टक्.

आता मात्र ती उठली.

गोटी बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथी पडली होती. पट्टी आणि पेन्सिलींचा कठडा केला होता, तो मध्ये मोडला होता, एक खेळण्यातली मोटार त्यात नाक खुपसून उभी होती. आणि त्या मोटारीच्या मागे, तिरक्या ओळीत, गोटी बाटल्यांची टोपणं मांडत होती. टोपण फरशीवर ठेवलं की टक्. सगळ्यात पुढच्या टोपणात गॅलरीतल्या कुंडीतली एक कोवळी डहाळी खोचलेली होती.

"अगं, झाड का मोडलंस? आजी ओरडेल."

"शंकूत फांदी लागते," गोटी मान वर न करता म्हणाली. "पहिल्या शंकूत."

आईला हसू आलं. फांदीची खोड मुकादमाची. रस्त्यावर काम निघालं की तो केशरी शंकूंची तिरकी ओळ लावायचा आणि पहिल्या शंकूच्या भोकात हिरवी फांदी खोचायचा. त्याचं म्हणणं, केशरी रंगाला आता कुणी भीक घालत नाही, पण रस्त्यात झाड उगवलेलं दिसलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. अख्ख्या विभागात असं करणारा तो एकटा.

"मुकादमकाकांचं पाहिलंस वाटतं कुठे?"

"नाही. तुझ्या फोटोत आहे."

"माझ्या फोटोत कुठली फांदी?"

गोटीनं मोठ्या माणसांच्या अडाणीपणाला शोभेल असा सुस्कारा सोडला, स्वयंपाकघरात गेली, फोटो घेऊन आली आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

तिथे शंकू होते. तिरकी ओळ. पहिल्यात फांदी.

शंकू तिला दिसले नव्हते असं नाही. पण रोज जेवणाऱ्याला ताटाची कड जशी दिसत नाही, तसे ते तिच्या नजरेतून गळून गेले होते. जिथे मोडतोड तिथे शंकू, यात बघायचं काय. ती फोटोकडे बघत बोटांवर क्रम लावू लागली. हा फोटो काढला शिक्षिकेनं. मग तिनं फोन केला. मग ऑफिसनं मुकादमाला कळवलं. मग मुकादम गेला. आणि शंकू मात्र आधीपासून तिथे.

तिनं शिक्षिकेला फोन लावला.

"बाई, तुम्ही वळणावर पोचलात तेव्हा शंकू होते का हो तिथे?"

"म्हणजे काय? शंकू होते म्हणून तर मी थांबले. धुक्यात मला आधी झाडच दिसलं. म्हटलं रस्त्यात झाड कुठून आलं."

"आणि काचा? रस्त्यावर काचा होत्या?"

"छे. स्वच्छ झाडलेला होता रस्ता. मी तेव्हाच मनात म्हटलं, काय तत्पर लोक आहेत."

फोन ठेवला तेव्हा तिच्या अंगात वारं शिरलं होतं. कठडा तोडून पळणारा माणूस मागे वळून रस्ता झाडतो का? तिरकी ओळ लावतो का? फांदी खोचतो का? तिनं जोडलेला नारिंगी दिवा टॉवेलात गुंडाळला, पर्समध्ये घातला आणि गोटीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं.

सासूबाईंच्या तोंडावरचा पेपर सरकला. "कुठे निघालात मायलेकी?"

"वसुलीला."

"रविवारी?"

"आजची मोठी आहे, आई."

"मग येताना दूध आण," म्हणून सासूबाईंनी पेपर पुन्हा ओढून घेतला.

विभागाचं आवार गावाच्या टोकाला होतं. डांबराची पिंपं, वाकडे खांब, कठड्यांचे जुने पत्रे, आणि रविवार म्हणून ओळीनं उभ्या असलेल्या गाड्या. सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. एकट्या टँकरचं तोंड भिंतीकडे, शाळेत कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखं. हा टँकर रोज पहाटे दुभाजकांवरच्या झाडांना पाणी घालत आंधळ्या वळणावरून पुढे जायचा, आणि मुकादम त्यातच बसून कामावर जायचा, शंकूंची चळत पाठीमागे बांधून. हे सगळं तिला ठाऊक होतं. रोजचं ठाऊक होतं.

ती भिंत आणि टँकर यांच्यामधल्या सांदीत शिरली. पुढचा पत्रा ठोकून सरळ केलेला, वर ताजा रंग. आणि डाव्या बाजूला, जिथे नारिंगी दिवा असायचा, तिथे जुन्या शंकूतून कापलेला केशरी प्लास्टिकचा तुकडा तारेनं बांधलेला होता. काम मोठं सुबक होतं, कुणालाही वाटावं दिवाच आहे. तिनं तार सोडली. खोबणीत जुन्या दिव्याचा बोटाएवढा तुकडा अजून अडकून बसला होता. तिनं पर्समधून आपला जोडलेला दिवा काढला आणि खोबणीशी नेला.

टक्.

"बसला," गोटी म्हणाली.

"ताई," मागून आवाज आला, "आज रविवार आहे."

मुकादम होता. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. आवारातच त्याची खोली होती. त्यानं दिव्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, आणि वस्तरा मिटून खिशात ठेवला.

तिनं या क्षणाची किती स्वप्नं पाहिली होती. पळपुटा समोर उभा आहे, आणि ती त्याला असं सुनावते आहे की त्याच्या सात पिढ्यांनी गाडी हाकू नये. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"पोतं मला का आणून दिलंत हो?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, प्रत्येक अपघाताचं पोतं आलंच पाहिजे म्हणून."

"स्वतःच्या गाडीच्या काचा भरून?"

"झाडल्या तर भराव्या लागणारच," मुकादम अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. "हात आपोआप चालला. पोतं टेबलाखाली ठेवलं, जिन्यावरून उतरलो, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. तोवर तुम्ही ते उघडलं होतं."

तिला हसू फुटलं. हसायचं नव्हतं, म्हणून तिनं तोंड फिरवलं, तर गोटी खो खो हसत होती.

टँकरच्या पलीकडून टँकरकाका आले. निवृत्तीला टेकलेला, वाळक्या अंगाचा टँकरचा चालक. विभागाच्या गाडीत बसून गेलं की लहान मुलांना भोंगा वाजवू देणारा, म्हणून गोटीच्या खास ओळखीचा. आज त्यांनी तिच्याकडे बघून डोळाही मिचकावला नाही.

"तो गप्प बसला माझ्यापायी," ते म्हणाले. "टँकर मीच घातला. धुकं होतं, वळण दिसलं, पाय दाबला. या टँकरचं असं झालंय पोरी, ब्रेक दाबला की तो आधी विचार करतो, मग थांबतो. त्या दिवशी जरा जास्तच विचार केला त्यानं. कठडा नसता तर आम्ही दोघं ओढ्यात असतो."

"ब्रेकचं कुणाला सांगितलं नव्हतंत?"

"साहेबांना. केबिनच्या दारात उभं राहून. 'बघू' म्हणाले. मग पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, 'तुम्हाला मी बघू म्हणालो ना.'"

"तरी निघून गेलात तुम्ही," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "माझी मुलगी रोज तिथून जाते. मी रोज सकाळी व्हॅन वळणापलीकडे पोचेपर्यंत श्वास घेत नाही. आणि तुम्ही इथे दिव्याला तारा बांधत बसलात."

मुकादम म्हणाला, "शाळेच्या गाड्या यायच्या होत्या ताई. म्हणूनच आधी शंकू लावले. उजेड होईपर्यंत मी स्वतः फडकं हलवत उभा होतो. ती फिरायला येणारी बाई लांबून दिसली, तेव्हा निघालो. निघालो ते चुकलंच. पण आपल्याच गाडीनं मोडलं तर चालकाच्या पगारातून कापतात. याच्या नोकरीचे थोडेच दिवस राहिलेत."

"तो आपलं सांगतोय," टँकरकाका म्हणाले. "मी माझं सांगतो. रोज त्या फितीच्या बाजूनं टँकर नेतो. बघवत नाही. दोनदा तुझ्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत आलो होतो. लिही माझं नाव. लिहिलं की कठडा होतो ना?"

होतो का, ते तिलाच अजून नक्की माहीत नव्हतं. परत जाताना ती स्कूटर इतकी हळू चालवत होती की गोटीनं विचारलं, "आई, आपली स्कूटरपण विचार करते का?" दूध आणायचं ती विसरली.

सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये ती गेली तेव्हा तिच्या हातात एक नोटीस होती. साहेब वाचू लागले आणि त्यांचा चष्मा हळूहळू कपाळावर चढला.

"हे काय? 'प्रति, रस्ते विभाग. प्रेषक, रस्ते विभाग.' आपणच आपल्याला नोटीस पाठवायची?"

"हो साहेब."

"आणि पोच कोण देणार?"

"आपणच. माणसं वाचतील."

"बाई, थट्टा पुरे. 'अज्ञात वाहन' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"अज्ञात वाहनाचा दिवा माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली, आणि दिवा टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग नोटीस पुढे वाचली, आणि खुर्चीत मागे रेलून ते एकदम हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले. "मुकादमानं पोतं आणून दिलं तुम्हाला? स्वतः?" पाणी प्यायले. पण पुढचा परिच्छेद वाचताना हसू आटलं.

"'दुरुस्ती होईपर्यंत त्या ठिकाणी आणखी कुणाला इजा झाल्यास ती जबाबदारी नुकसान करणाऱ्याची राहील.' हे कुठून आणलंत?"

"तुमचंच वाक्य आहे साहेब. आपल्या प्रत्येक नोटिशीत असतं. तुम्हीच घालायला लावलंत. विमा कंपन्या या वाक्याला घाबरतात म्हणून."

साहेब ते वाक्य पुन्हा वाचू लागले. आपण शिजवलेलं आपल्याच ताटात आल्यावर माणूस जसं चाखून बघतो तसे. दुसऱ्यांसाठी शंभर वेळा लिहिलेलं ते वाक्य बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या पोटात उतरत होतं.

"म्हणजे उद्या तिथून कुणी खाली गेलं तर..."

"तर नुकसान करणारे आपण. अज्ञात वाहन रांगेत थांबू शकतं साहेब. आपण कसे थांबणार?"

साहेबांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. "'ब्रेक नादुरुस्त असल्याचे चालकाने पूर्वी तोंडी कळवले होते.' तोंडी म्हणजे कुणाला?"

"तुम्हाला."

"ही ओळ काढा."

तिची नोकरी जुनी नव्हती, घराचा हप्ता होता, आणि साहेब माणूस तसा वाईट नव्हता. पण डोळ्यांसमोर ती फीत फडफडत होती.

"काढते साहेब. मग चालकाचं नावही काढते. नाव ठेवलं तर ओळ ठेवायची. दोन्ही एकाच टँकरमधून आलीत."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आजवर त्यांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कोण बसतं ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी पेन उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "खर्च कुणाच्या माथी, ते वरचे ठरवतील," ते पुटपुटले. "चालकाच्या, की माझ्या. कठडा मात्र आजच्या आज मागवा. आणि तो टँकर हलवू नका म्हणावं जागचा, ब्रेकसाठी कारखान्याची माणसं इथे येतील." त्यांनी सही केली, कागद फिरवून घेतला आणि पोच म्हणून खाली दुसरी सही केली.

ती जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरली. मुकादम खाली उभाच होता. तिनं नुसती मान डोलावली, तर त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घट्ट पिळली आणि विचारलं, "खांब कुठले मागवू ताई? जुने की जाड?"

"जाड."

आठवडा सरायच्या आत काम लागलं. गोटीला शाळेत जाण्याआधी ते बघायचंच होतं, म्हणून त्या दिवशी व्हॅनला सुट्टी दिली आणि दोघी स्कूटरवरून गेल्या. धुकं नुकतं वर सरकत होतं. लांबूनच रस्त्यात एक हिरवी फांदी दिसली, मग केशरी ओळ, मग माणसं. नवा पत्रा खांबांवर चढवला होता आणि सकाळच्या उजेडात असा चकाकत होता की तिला त्याच्याकडे बघून वेड्यासारखं हसू येत होतं. फीत गोळा होऊन मुकादमाच्या खिशातून लोंबत होती.

बोल्ट आवळत होते ते टँकरकाका. त्यांचं ते काम नव्हतं. टँकर कारखान्याच्या माणसांच्या हाती होता, वरून काही निर्णय आला नव्हता, तोवर बसून काय करायचं म्हणून ते आपणहून आले होते. त्यांनी गोटीला जवळ बोलावलं, पाना तिच्या हातात दिला, वरून आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून शेवटचा बोल्ट करकचून आवळला.

"आता धडक मारून बघ," ते म्हणाले.

गोटीनं खांद्यानं धडक मारली. कठडा ढिम्म. सगळे हसले. आईनं दोन्ही हात थंडगार पत्र्यावर ठेवले आणि खाली पाहिलं. उतार, झुडपं, तळाला चमकणारं पाणी. महिनाभर छातीत अडकलेला श्वास तिनं आत्ता कुठे सोडला. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या शाळेची व्हॅन फांदी पाहून हळू झाली, मुलांनी काचेतून हात हलवले आणि वळण पार करून पुढे गेली.

गोटी मात्र हसायची थांबली होती. ती कठड्यावर बोट फिरवत होती, एकेका बोल्टवरून, आणि मधूनच हत्यारं पुसून पिशवीत भरणाऱ्या टँकरकाकांकडे बघत होती.

"आई, काकांचे पैसे कापणार का गं?"

"अजून ठरलं नाही, बाळा."

"कठड्याचं कामच मोडायचं असतं ना? तूच म्हणालीस. माणसाला लागू नये म्हणून तो स्वतः मोडतो."

"हो. म्हणाले होते."

"मग काकांना लागलं नाही. म्हणजे त्यानं त्याचं काम केलं." गोटीनं मान वर करून आईकडे पाहिलं. "आणि कुणी आपलं काम नीट केलं, तर त्याचे पैसे काकांनी का भरायचे?"